ए दोन आय आठ

तिसऱ्या मजल्यावरच्या ब्रोनेबाईंचा लॅपटॉप
मीच लिनक्सवर नेला, ऑक्टोबरात.
जुन्या प्रणालीची मुदत संपली होती,
नवीला यंत्र म्हातारं वाटत होतं
आणि नव्या यंत्राला पेन्शन पुरत नव्हतं.
"फुकट?" त्यांनी तीनदा विचारलं.
फुकट, म्हणालो.
त्या शब्दाची किंमत मला तेव्हा माहीत नव्हती.

तेव्हापासून जिन्यात त्यांच्या सपाता वाजल्या
की माझा चहा गार होतो.
आवाज गेला. आला, पण फक्त डाव्या कानात.
प्रिंटर छापतो, अर्ध्या पानावर त्याला दम लागतो.
झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो
आणि उठत नाही.
झोपलेल्याला उठवता येतं,
झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, म्हणतात.
मी रात्री दीडला त्याच्या उशाशी बसून
हे सोंग की मरण, ते ठरवत असतो.

दिवसा क्लायपेदाच्या धक्क्यावर फेरीबोटीचं इंजिन सांभाळतो.
शहरातून वाळूच्या पट्टीवर, पट्टीवरून शहरात.
इंजिनाचं बरं असतं:
तेल गळतं तिथे तेल दिसतं.
इथे काळ्यावर पांढऱ्या ओळी धावत सुटतात
आणि शेवटी एकच वाक्य,
काहीतरी चुकलं.
एवढं मलाही कळतं.

मुलगा म्हणतो, बाबा, दुसरं डिस्ट्रो टाका.
त्याने वर्षात चार बदलली,
चारही पडद्यांवर तोच हिरवा डोंगर.
मेहुणा तौत्वीदास म्हणतो, माघारी जा,
पैसे भर आणि सुखाने झोप.
खोटं कशाला बोलू,
माघारीचा पेनड्राइव्ह मी दोनदा तयार केलाय.
एकदा तर जिना चढून
त्यांच्या दारापर्यंत गेलो होतो.

फेब्रुवारीत खाडी गोठली, मी तापाने पडलो,
आणि त्याच आठवड्यात ते अपडेट आलं.
कळफलक इंग्रजी होऊन बसला.
आमच्या भाषेची शेपटीवाली, टोपीवाली अक्षरं
आकड्यांच्या रांगेत राहतात, भाडेकरूंसारखी.
मालक परतला, भाडेकरू रस्त्यावर.
ब्रोनेबाई बोटांच्या आठवणीवर लिहितात,
चष्मा कपाळावर.
आचू, म्हणजे आभार, लिहायला गेल्या,
उमटलं ए दोन आय आठ.
सहीत त्यांचं स्वतःचं नावही
शेवटी चार होऊन थांबलं.
आजारी माणसाला कशाला त्रास, म्हणून
तीन आठवडे वर बोलावलं नाही मला.
अशीच पत्रं जात राहिली
ॲडलेडला, थोरल्या बहिणीला.

बरा होऊन वर गेलो.
दुरुस्तीला मिनिटभरही लागलं नाही,
माफी मागायला जास्त लागला.
"थांबा," त्या म्हणाल्या, "आधी हे बघा."
बहिणीची उत्तरं.
झोसे, वय शहाऐंशी,
तिचा कळफलक धडधाकट,
तरी प्रत्येक पत्रात आकडे, एक एक शोधून घातलेले.
तिला वाटलं, ब्रोनेने खेळ काढलाय
लहानपणच्यासारखा, आईला कळू नये म्हणून.
तळाशी सही: झोस, पुढे चार.

"दोन्ही ठेवता येतील का?" ब्रोनेबाईंनी विचारलं.
तेवढं तर इथे सहज येतं, बाई.
बाकी काही आलं नाही तरी.
पडद्याच्या कोपऱ्यात दोन छोटे झेंडे लावून दिले.

परवा माझ्या दाराखालून एक कागद सरकला.
वरच्या अर्ध्यावर
ए दोन आय आठ, मोठ्या टाइपात,
खालचा अर्धा कोरा. प्रिंटरचा दम.
फ्रिजवर लावला आहे.

लॅपटॉप अजून झोपेतून उठत नाही.
त्या झाकण मिटतच नाहीत आता,
वरून विणलेला रुमाल टाकतात.
आणि तो पेनड्राइव्ह?
खणात आहे. पुसलेला नाही.