भागाकार

सियागंजच्या पेढीवर तेहतीस वर्षं
मी केसरीमलजींच्या वह्या लिहिल्या.
आधी तुपाच्या डब्यांची, मग सोयाबीनची,
मग सांवेर रोडच्या कारखान्याची.
एका फाल्गुनात पक्षाची माणसं येऊन गेली
आणि लाल कापडात बांधलेली नवी वही आली.
पहिल्या पानावर सेठजींनी स्वतः 'श्री' काढला.
"खांबेटेजी, ही खर्चाची नाही. सेवेची."
मग जीपा आल्या, डिझेल आलं,
तंबूवाला, ढोलवाला, हारवाला आला,
आणि सेवेच्या सगळ्या पावत्या
माझ्याच टेबलावर पेपरवेटखाली फडफडू लागल्या.

शपथपत्र मीच भरलं.
जंगम इतकं. स्थावर इतकं.
देणी या रकान्यापाशी ते थांबले.
"छोगालालजींचे चाळीस रुपये राहिलेत,
पहिला डबा त्यांच्याच पैशाचा.
मुलगा रतलामला असतो म्हणे."
वकील हसला.
मी निरंक लिहिलं.

निवडून आले.
पलासियाच्या बंगल्यासमोर
फटाक्यांचे कागद तीन दिवस झाडत होते.

दिल्लीत बोलायला मिळालं ते एकदाच,
रात्री साडेआठला, रिकाम्या बाकांपुढे.
पेढीवर टीव्ही लावून आम्ही बसलेलो,
हमाल, दलाल, चहावाला गोट्या.
सेठजी उठले. खिशातून चिठ्ठी काढली.
मालगाडीच्या डब्यांबद्दल काहीतरी होतं,
दुसऱ्या वाक्यावर घंटी वाजली.
ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं मंडीत भाव हलायचा
ते खाली बसले.
बसताना त्यांनी हात असा आडवा केला,
तागडी समतोल झाली की करतात तसा.
तिकडे कुणाला कळलं नसेल.
इकडे हमालसुद्धा गप्प झाले.

पुढच्या वेळी तिकीट
एका कॉलन्या बांधणाऱ्याला गेलं.

मग एका दुपारी पेढीवर आले,
गादीवर नाही, माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले.
"एका मताला किती पडलं?"
मी लाल वही सोडली.
रक्कम इथं सांगत नाही,
हात अजून त्या पेढीचा आहे.
मतं तीन लाख एकोणीस हजार आणि काही.
भाग पुरता जाईना,
मी दशांश चिन्ह देऊन पुढे निघालो.

"त्यात ती म्हातारी धरलीय का?
क्षिप्रेकडच्या गावातली.
साडी परत केली तिनं,
उलट माझ्याच हातावर गूळ ठेवला."
"धरलीय."
"काढा. ती खर्चात येत नाही."

एक वजा केला. पुन्हा मांडलं.
उत्तर जवळजवळ तेच.
दशांशाच्या चौथ्या घरात
एक आकडा हलला, बस.

त्या आकड्यावर बोट ठेवून
ते बराच वेळ बसून राहिले.
मग गोट्याला दोन कट सांगितल्या,
आणि मला विचारलं,
रतलामची गाडी हल्ली किती वाजता असते.