चहा हलला

निळी चौकट पडद्यावर फिरत होती,
कोपऱ्याला थडकत, पुन्हा वळत,
आत दोनच शब्द, रशियन: सिग्नल नाही.
मग तीही दमली.
उरला काळा पडदा, आणि खाली नारिंगी दिवा,
झोपेत एक डोळा उघडा राहावा तसा.

सापारबेक फोनवर म्हणाले होते, लवकर ये,
डोंगर दिसेनासा झालाय.
मी येताना पाहिला डोंगर.
नारीनच्या पलीकडे, जागच्या जागी,
मार्च संपत आला तरी बर्फ उतरवायला तयार नाही.
पण यांचा डोंगर वेगळा.
तो बत्तीस वर्षं एका रेषेत राहतो,
आधी कागदाच्या रिळावर, शाईच्या टोकाखाली,
आता या पडद्यात.

टेबलावर पियाला, काठोकाठ भरलेला.
हनुवटी टेबलाला टेकवून
ते चहाकडे बघत बसले होते.
"गार झालाय," मी म्हणालो.
"प्यायचा नाहीये."
रात्रभर?
रात्रभर.

हातमोजे काढले. बोटं अजून लाकडाची.
आधी सोपं विचारायचं, लाज न बाळगता:
वीज आहे? आहे.
केबल घट्ट? घट्ट.
पिशवीतली दुसरी लावली. तीच अमावास्या.
मॉनिटर उचलून शेजारी नेला,
हिशेबनीस झामिलाच्या संगणकाला जोडला,
तर लख्खकन सगळ्यांचे पगार दिसले.
(सापारबेकांचा माझ्याहून कमी. मी मान वळवली.)
म्हणजे पडदा शहाणा आहे.
दुखणं पेटीचं.

पेटी तर घरघरत होती.
कीबोर्डवरचं आकड्यांचं बटण दाबलं:
हिरवा दिवा लागला. पुन्हा दाबलं: विझला.
जागी आहे. बोलत नाही, एवढंच.

"एकदा बंद करून चालू करू,"
मी म्हणालो. आमचा हा रामबाण.
नव्वद टक्के पोट यावरच भरतं.
त्यांनी बटणावर पंजा ठेवला.
"बंद नाही. तो ऐकतोय.
आपल्याला दिसत नाही म्हणून
त्याने ऐकणं का सोडायचं?"

मग काय. जमिनीवर आडवा झालो,
दातांत टॉर्च धरून
टेबलामागे शिरलो. आणि तिथे
नऊ वर्षांची धूळ नव्हती.
तारा पुसलेल्या, वळ्या घालून बांधलेल्या,
भिंतीला साबणाचा वास.
परवा नूरुझ. घराघरांतून कोपरे निघतायत.
पेटीच्या पाठीवर सारखी दिसणारी दोन भोकं:
वरचं पेटीचं जन्मजात,
खालचं नंतर बसवलेल्या ग्राफिक कार्डाचं.
केबल वरच्यात होती.
खालचं रिकामं, स्वच्छ, वाट बघत.

उपसली. चार बोटं खाली खोचली.
बस.

पडदा आधी करडा झाला,
मग रेषा आल्या, एकाखाली एक,
बारीक थरथरत, मध्येच एक जाड गाठ
(कोळशाचा ट्रक, ते म्हणाले, न बघताच).
ते मागे मागे सरकवत गेले, रात्र उलटी उलगडत,
आणि चार वाजून बारा मिनिटांवर थांबले.
तिथे रेषा दचकली होती.
लहानसं काही. दूर, खोल.
गावात एकही कुत्रं उठलं नसेल.

त्यांनी वही काढली. पेन्सिलीत लिहिलेलं:
४.१२. चहा हलला. की मीच?
कितीतरी वेळ दोन्हीकडे पाहिलं.
मग रबराने शेवटचे तीन शब्द खोडले,
प्रश्नचिन्हासकट,
फुंकर मारली,
आणि सायीसकट चहा एका दमात संपवला.

तेवढ्यात बादली घेऊन गुलसुन एजे आल्या.
आम्ही दोघे गप्प.
त्यांनी पडदा पाहिला, माझे गुडघे पाहिले,
टेबलामागे वाकून पाहिलं,
आणि कोटाच्या खिशातून
लाल नखपॉलिशची बाटली काढली.
खालच्या भोकाजवळ एक ठिपका लावला.
"सुकेपर्यंत," त्या म्हणाल्या,
"कोणी हलू नका."