अर्धं शटर

फॉर्मचं नाव होतं 'उद्योगस्नेही तालुका'.
एक बाजू कानडीत, दुसरी इंग्रजीत,
मराठीसाठी मी होतो,
रोजंदारीवरचा, चप्पल घासत हिंडणारा समास.

प्रश्न तेवीस. दुकानं एकशे चाळीस.
वडगावची ही गल्ली,
इथं भिंतीला टेकून उभं राहिलं
तरी मागाचा खटका पाठीत शिरतो,
आणि लाइट गेली की
आपलेच कान गेले असं वाटतं.

पहिलं दार शट्टुप्पाचं.
परवाना मिळायला किती दिवस लागले?
"दिवस कुठलं मोजतोयस गा?
पोरगी दुसरीत हुती तवा अर्ज दिलेला.
आता तीच बिलं फाडते बघ."
मी लिहिलं: विलंब, तीव्र.

बसलिंगव्वा साड्यांच्या घड्यांआडून
कानडीत सुरू झाली, मराठीत चिडली,
आकडे सांगायला परत कानडीत गेली.
गटार तुंबतं. पावसाळ्यात चार गाठोडी भिजली.
ट्रक वळत नाही, हमाली दुप्पट.
आणि सुरतेहून माझाच काठ
माझ्यापेक्षा स्वस्त होऊन माझ्याच दारात येतो.
"हे लिही. चहा मग."

लिहिलं. मनापासून लिहिलं.
गल्लीच्या जुनेपणाचे फोटो काढणाऱ्यांना
रात्री दोनला जळकी मोटार खोलावी लागत नाही.

प्रश्न एकोणीस.
धंदा वर्षात किती तास विनाकारण बंद असतो?

हजरतसाब बॉबिन मोजत होता. मोजता मोजता थांबला.
गल्लीच्या तोंडाशी हलगी वाजली.
भरमाण्णा गेला होता,
साठ वर्षं दुसऱ्यांच्या मागावर
तुटलेली तार सांधत बसलेला,
स्वतःचा माग कधी न घेतलेला.

माग थांबले. एकामागून एक,
वरच्या टोकापासून खाली आमच्यापर्यंत.
मग शटरं. घर्र करून
कमरेपर्यंत येऊन थबकली.
पूर्ण का नाही, मी हळूच विचारलं.
"गिऱ्हाईक आत हाय की बसलेलं," हजरतसाब म्हणाला
आणि टोपी सारखी करून पायरीवर उभा राहिला.
आतलं गिऱ्हाईकही वाकून बाहेर आलं.

सवयीनं घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं.
एकशे चाळीस गुणिले अकरा:
पंचवीस तास चाळीस मिनिटं.
रकान्यात हा आकडा बसत होता.
पेन बसत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी सगळ्यांना बोलावून
नव्या संकुलाची प्रतिकृती दाखवली.
थर्माकोलची झाडं, रुंद रस्ता, ट्रक वळलेला.
लाइट चोवीस तास, सगळे परवाने एका खिडकीत,
आणि दारं काचेची,
माणूस दिसला की आपोआप उघडणारी.
बसलिंगव्वानं गटार कुठं ते शोधलं,
सापडल्यावर मान डोलावली. "हौद्री, बेश आहे."

"गाळा घेणार ना?" साहेबांनी विचारलं.
शट्टुप्पा म्हणाला, "घेतो की.
पोरगीनं हिशोबबी घातलाय. परवडतंय.
खरं, ही काच अर्धी खाली येते काय?"

कुणीतरी हसलं. साहेबांनी मोबाईल बघितला.
मी सांगायला तोंड उघडलं
आणि हलगीपाशीच अडकलो.
हलगीचं इंग्रजी मला येत नव्हतं,
तशी कुणाला गरजही नव्हती.

नेत्रावती नावाची इंजिनिअर,
चिकोडीकडची, नवीनच रुजू झालेली,
तेवढी उठून पुढं आली.
तिच्या गावची पेठही असंच करत असावी,
किंवा नसेलही. ती काही बोलली नाही त्यावर.
फक्त विचारलं, "एष्टु? किती खाली?"

शट्टुप्पानं विचार केला,
मग हात कमरेशी आडवा धरला.
हजरतसाबनं जवळ येऊन
तो दोन बोटं वर सरकवला.
"भरमाण्णाला खांदा देताना
एवढं हुतं."

तिनं पर्समधून टेप काढली.