तीनदा बंद करा

रात्री म्हणालं होतं, 'अपडेट चालू आहे, बंद करू नका.'
नाही केलं. शटर ओढलं, घरी गेले.
सकाळी नव्या पेठेतल्या माझ्या आठ बाय दहाच्या दुकानात
काळा पडदा, फिरणारे ठिपके,
मग पुन्हा काळा.

अकराला लोणकर येणार बारशाच्या पत्रिकेला,
नववीचा भूगोल आत अडकलेला,
आणि मी कीबोर्डची धूळ पुसतेय
त्यानं काही होणार असल्यासारखी.

शेवटी तौसिफला फोन लावला.
दिवाळीपासून बोललो नव्हतो.
तो 'हॅलो' म्हणाला नाही. म्हणाला,
'फोन सीपीयूजवळ धरा.'
पिंपरीत बसून त्यानं पंखा ऐकला.
'डिस्क ठीक वाटतेय. बटण दाबून धरा, मरेपर्यंत.
चालू करा. ठिपके आले की पुन्हा मारा.
तीनदा.'

'तीनदा कशाला?'

'तीनदा मधेच तोडलं की
ते स्वतःहून विचारतं, काय बिघडलंय.'

मी गप्प. त्याचे फोन मीच कापले होते;
किती, ते मोजलं नव्हतं.

निळा पडदा आला. एकेक इंग्रजी ओळ
मी अडखळत वाचली, तो 'खालचं', 'त्याच्या खालचं' सांगत गेला,
मागे त्याच्या घरी कुकरची शिट्टी.
कालचं अपडेट निघालं.
पत्रिका, भूगोल, सगळे फॉन्ट जागच्या जागी,
आणि कोपऱ्यात त्यानंच केलेलं फोल्डर: 'हे उडवू नका'.

'किती देऊ तुझे?'

जरा थांबला.
'आजचे, का मागचे धरून?'