अकरा पूर्णांक आठ

मसाईच्या पठारावर गाडी लावली तेव्हा
मीटर साडेबारा दाखवत होता,
टाकीत चाळीस लिटर पाणी,
आणि पन्हाळ्याच्या अंगाला उन्हाची एक चिंधी.
सुमती म्हणाली, आधी जेवून घेऊ.
दिवस बुडायच्या आत ताट संपवायची तिच्या माहेरची रीत.
तीस वर्षं थट्टा केली मी.
आज हिशेब केला:
एक दिवा, दोन तास, वाचला.

गाडी जुनीच. आधी पोरं शाळेला पोचवायची.
उद्यमनगरात दस्तगीरनं बाकडी कापली,
फळ्या जोडून पलंग केला,
टपावर सोलरचा पत्रा ठोकला.
पैसे मोजताना म्हणाला,
"काका, थंडीत बॅटरी म्हाताऱ्यागत वागत्या.
बसल्या जागी भरल्याली दिसत्या,
उठ म्हटलं की कळतंय."
मला साठ पूर्ण होऊन तेव्हा आठवडा झाला होता.

पंपाचं बटण मी काढूनच टाकलंय.
पायानं दाबायचं, तांब्याभर घ्यायचं, थांबायचं.
ताटं आधी भाकरीच्या तुकड्यानं पुसायची,
मग कागदानं,
मग पाण्याला नुसतं विचारायचं.
बॅटरीला वाकळ गुंडाळली, तिची जुनी लुगडी शिवलेली,
वायरीच्या तोंडाशी हिरवा काठ.
सुमतीनं पाण्याच्या दोन बाटल्या अंथरुणात घेतल्या,
सकाळच्या चहाला बरं पडेल म्हणाली.
मला वाटलं, माझ्या वाटणीचं अंथरूण गेलं.

मग ते यंत्र.
झोपेत श्वास अडतो तिचा,
म्हणून नाकावर मुखवटा, त्याला नळी,
नळीच्या मुळाशी पाण्याचा डबा.
पाणी कोमट ठेवलं तर घसा कोरडा पडत नाही,
पण डबा तापवायचा तर यंत्र दुप्पट खातं.
आमचं सगळं पाणी आणि सगळी वीज
त्या वीतभर डब्यात येऊन भेटते.

तीन वाजता ते ओरडलं.
अकरा पूर्णांक आठ.
बाहेर सात अंश, काचेला आतून घाम.
मी डबा बंद केला.
मग मोबाइलची वायर काढली,
मग मीटरचाच दिवा झाकला रुमालानं,
जणू न बघितल्यानं काही उरणार होतं.
गार हवा नाकात गेली तशी ती उठून बसली.
"इंजिन लावतो," मी म्हणालो.
"नको, खाली धनगराची मेंढरं बसलीत.
अख्खा वाडा उठंल."
मुखवटा काढून तिनं उशीखाली ठेवला.
"मी झोपतच नाही. मग कशाला लागतंय?"

असा उपाय दस्तगीरला सुचला नसता.

दोघं टेकून बसलो, पाठीला पत्रा, पायांशी बाटल्या.
ती कुंभोजच्या विहिरीबद्दल बोलली,
रहाटाचा आवाज कसा लांबून ओळखू यायचा.
मग माझ्या आईशी झालेलं एक भांडण,
जे मला आजवर माहीत नव्हतं.
मग बराच वेळ काही नाही.
मग एकदम, "शाहूपुरीतलं दुकान विकलं
तेव्हा मला आधी विचारायला पाहिजे होतं."
मी हो म्हणालो.
अंधारात हो म्हणायला वीज लागत नाही,
तरी मला सात वर्षं लागली.

पाच वाजता मेंढरांच्या घंटा हलल्या.
सहाला धुक्यातून कुणीतरी खाकरलं.
बाटलीतलं पाणी खरंच कोमट होतं,
गॅस नुसता दाखवला तरी चहा उकळला.
टाकीत अजून एकोणतीस लिटर.

ऊन टपावर यायला आठ वाजले.
तोवर ती खुर्ची बाहेर टाकून, शाल कानांवर घेऊन,
बसल्या बसल्या झोपलेली.
आत मीटर अकरा पूर्णांक नऊवर सरकला असावा.
मी गेलो नाही बघायला.
तिच्या समोर दगडावर बसून मोजत होतो:
आला.
आला.
थांबला, थांबला,
मेंढरामागं एक पोरगं शीळ घालत गेलं,
आला.