रिवाइंड करून परत द्यावी

पुतण्याचा क्लास बंद पडला,
त्याचे नऊ टॅबलेट माझ्याकडे आले
साबुदाण्याच्या रिकाम्या पोत्यातून.
दोघांच्या पोटात बॅटरी टम्म फुगलेली,
ते बाजूला काढले. राहिले सात.
कंपनीने त्यांना केव्हाच वाऱ्यावर सोडलेलं :
"या उपकरणासाठी नवीन अपडेट नाही."
कळलं. मलाही बऱ्याच वर्षांत नाही.

घोडपदेवच्या याच गाळ्यात
माझी व्हिडिओ लायब्ररी होती, एकवीस वर्षं.
तेव्हा स्पिरिटने व्हीसीआरचं हेड पुसायचे,
आता त्याच बाटलीतल्या स्पिरिटने
चार्जिंगचं भोक पुसते.
हात विसरत नाहीत,
चष्म्याचा नंबर तेवढा बदलतो.

आधी कुलूप काढायचं.
पडदा विचारतो : सगळं पुसलं जाईल,
हमी रद्द होईल, पुढे जायचं?
आवाजाचं बटण वर, हो. खाली, नाही.
इतकं स्वच्छ मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं.

वर दाबण्याआधी एकदा आत डोकावले.
भूमितीची प्रमेयं,
सरांच्या फोटोला कुणीतरी काढलेली मिशी,
आणि "सान्वी माठ आहे" नावाची एक फाइल.
गेलं सगळं. सान्वी सुटली.

पहिल्याची वीट झाली.
असंच म्हणतात मेलेल्या यंत्राला.
ना उजेड, ना थरथर, नुसतं वजन.
दुसऱ्याचीही झाली, तेव्हा मला वीट आला.
केबल गुंडाळली, भाकऱ्या थापायला बसले
आणि तिसरी भाकरी तव्यावर टाकताना लक्षात आलं,
फाइल भलत्याच मॉडेलची होती.

रात्री साडेअकराला तिसरा उठला.
तारीख म्हणाला, एक जानेवारी एकोणीसशे सत्तर.
त्या दिवशी मी चार वर्षांची असणार,
पायात बहुतेक काही नसणार.
भाषा निवडा, म्हणाला.
निवडली.

माळ्यावर टेपा होत्या,
लोकांनी कॉपी करायला दिलेल्या,
न्यायला कुणी आलंच नाही अशा.
लग्नं, डोहाळजेवणं, मंडळाची एकांकिका,
एक अख्खी टेप नुसती कुणाच्या तरी मांजरीची.
बुरशीच्या तेवीस टाकून दिल्या.
बाकीच्या जुन्या कॉम्प्युटरात उतरवल्या.
घाई चालत नाही त्यात,
तीन तासांचं लग्न उतरायला तीनच तास लागतात.

आता तो कॉम्प्युटर गाळ्यात घुरघुरतो
आणि बिल्डिंगभर पाच पडदे लागतात.
चाचेकाकू स्वतःचंच केळवण बघतात
आणि साडीचा रंग चुकीचा दिसतो म्हणून भांडायला येतात.
मी रजिस्टर काढलंय. रकाने तेच,
नाव, खोली, कधी नेला, कधी आणणार, सही.

कॉम्प्युटर स्वतःचंही एक रजिस्टर ठेवतो,
मी मागितलं नव्हतं.
खोली चौतीस, सीताकांत वारंग, गोदीतून रिटायर.
रात्री दोन दहा. दोन अकरा. दोन बारा.
एकच टेप, एकच जागा, पुन्हा पुन्हा.

मी ती जागा काढून बघितली.
बघायला नको होती.
पंगत. मठ्ठा वाढणारी बाई कॅमेऱ्याशी येते,
हातातला जग तोंडासमोर धरते,
"मला नको रे घेऊस," म्हणते, पुढच्या पानाकडे सरकते.
चाळीस सेकंद.
लग्न कुणाचं? लेबल पुसट झालेलं.
वारंगांचं नाही, एवढं नक्की.

ठरल्या तारखेला ते टॅबलेट घेऊन आले,
इस्त्रीच्या शर्टाने पडदा पुसून.
"आता रिवाइंड करावं लागत नाही ना?"
"नाही," म्हटलं,
"राहू दे तुमच्याकडेच. पाचवा असाही पडून असतो."
पडून नसतो. चाचेकाकूंच्या सुनेने दोनदा मागितलाय.
तारखेच्या रकान्यात मी रेघ ओढली.

त्या दोन विटा गाळ्याच्या दाराला लावल्यात.
दुपारी बंदराकडचा वारा येतो,
दार आपटत नाही.