घट

अ‍ॅलिस्टर रिटायर होऊन गेला, वही मला देऊन गेला.
पंचवीस लिटरचा हिशोब, पानांवर माल्टचे डाग.
माझ्याकडे आठ लिटरचं पातेलं,
गुदैबियात एक खोली,
दोन शेगड्या, त्यातली एक बंद.

पाच लिटर करू म्हटलं. सगळं भागिले पाच.
सातवीतलं त्रैराशिक, त्यावरच तर
सित्र्याच्या प्लांटवर वीस वर्षं काढली:
समुद्र आत, गोडं पाणी बाहेर,
मीठ ज्याचं त्याला परत.
माल्ट एक किलो. हॉप्स आठ ग्रॅम.
आठ ग्रॅमसाठी काटा आणला रामहरीने,
विट्याचा, सूकमागच्या गल्लीत सोनं गाळतो,
काट्याला रुमालात गुंडाळून फिरवतो.

पहिल्या खेपेला पाचाच्या जागी साडेतीन उरलं.
वही सांगत होती, तासाच्या उकळीत चार लिटर जातात.
चाराला भागलं, पातेल्याचं तोंड भागायचं राहिलं.
वाफ लिटर बघत नाही,
तोंड बघते.
आणि तळाचा गाळ, नळी पोचत नाही तिथला,
मोठ्या पिंपात पेलाभर,
इथेही पेलाभरच.

रामहरी हसला नाही. काटा पुसत म्हणाला,
छोट्या मुशीत घट जास्त धरायची असते, भाऊ,
आमच्यात पोरगं हे पहिल्या महिन्यात शिकतं.

मग उलटीकडून निघालो.
शेवटी किती हवं ते आधी लिहिलं,
वाफ मिळवली, गाळ मिळवला.
नळाला येतं ते आमच्याच प्लांटचं पाणी, कोरं,
त्यात चिमूटभर जिप्सम,
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यात मी काही परत टाकलं.
ऑगस्ट. न्हाणीघरात बादली,
बादलीत पिंप, पिंपाला ओला टॉवेल,
दर चार तासांनी बर्फाची बाटली बदलायची,
रात्रपाळी असली की रामहरी बदलायचा.
छोटं पिंप चटकन तापतं.
दिवस मात्र चौदा ते चौदाच,
त्यांना पाचाने भाग जात नाही.

शुक्रवारी शैलाचा फोन.
लेक पुण्याला गेली तेव्हापासून
एकटीची आमटी बिघडते म्हणाली.
डाळ मूठभर घेतली, पाणी बेताचं,
फोडणी तेवढीच बारकी केली तर करपते.
तेल डाळीएवढं नाही लागत गं, कढईएवढं लागतं,
मी म्हणालो. कढई बदल.
तिकडून नुसता पंख्याचा आवाज.
मग, ही आपल्या लग्नातली आहे.
न्हाणीघरात टुबुक, टुबुक.
कसला आवाज तो, तिने विचारलं.
नळ गळतोय, म्हटलं.

चौदाव्या दिवशी बाटल्या भरल्या,
गाळातला पेला दोघांत वाटला,
कडू, गढूळ, रामहरीने तोंड वाकडं केलं
आणि पुन्हा पेला पुढे केला.

तेवढ्यात फोनवर फोटो आला.
ओट्यावर कढई, तळहाताएवढी,
किमतीचं लेबल अजून तसंच.